टेसनंतर लिव्हरचा स्कॅन: एमआरआय करावा का सीटी?

बाबांच्या लिव्हरच्या गाठीला टेस झालं, म्हणजे जांघेतून बारीक नळी घालून थेट गाठीला रक्त नेणाऱ्या नसेत केमोचं औषध सोडतात आणि ती नस बंद करतात ते. डिस्चार्जच्या कागदावर फक्त 'महिन्याभराने स्कॅन' एवढंच, कुठला ते लिहिलंच नव्हतं. नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून कॉलेज रोडपर्यंत फिरून विचारलं तर कोणी सीटी म्हणे कोणी एमआरआय, कोणी म्हणे पेट स्कॅन करून टाका. तुम्हीही आत्ता तिथेच अडकला असाल तर आमच्या धावपळीतून जे कळलं ते सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, गाठ लहान झाली का हा पहिला प्रश्न नाहीच. टेसनंतर गाठ मेलेली असली तरी साइज तेवढीच राहू शकते, आम्ही रिपोर्टमध्ये तोच सेंटिमीटरचा आकडा बघून रात्रभर झोपलो नव्हतो. बघायचं असतं ते हे की काँट्रास्ट (स्कॅनमध्ये रक्त उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) दिल्यावर पहिल्या काही सेकंदात, ज्याला आर्टिरियल फेज म्हणतात, गाठीचा कुठला भाग चमकतो. लिव्हरचा कॅन्सर मुख्यतः धमनीच्या रक्तावर जगतो, त्यामुळे चमकला तो भाग बहुतेक जिवंत आणि नाही चमकला तो मेलेला. म्हणून तर २०१० साली एमरेसिस्ट नावाची पद्धत आली, त्यात पूर्ण गाठ न मोजता हा जिवंत भागच मोजतात, तो ३० टक्के किंवा जास्त कमी झाला तर अर्धवट रिस्पॉन्स आणि चमक कुठेच राहिली नाही तर पूर्ण.

आता सीटी. पाच-दहा मिनिटात काम होतं, खर्च कमी, श्वासही थोडाच वेळ धरायचा. पण टेसमध्ये औषधासोबत लिपिओडॉल नावाचं तेल वापरलेलं असेल तर ते सीटीवर पांढरंशुभ्र दिसतं, आणि आपल्याला शोधायची असते ती चमकही पांढरीच, मग पांढऱ्यात पांढरं शोधणार कसं? एमआरआयला हे तेल आड येत नाही. शिवाय सबट्रॅक्शन करता येतं, काँट्रास्टनंतरच्या फोटोतून आधीचा फोटो वजा करायचा, कारण मेलेला भाग कधीकधी मुळातच पांढरा दिसतो आणि वजा केल्यावरच कळतं की खरंच रक्त जातंय का. डिफ्युजनचे, म्हणजे गाठीतल्या पाण्याची हालचाल दाखवणारे, फोटो मिळतात ते वेगळे. रेडिएशन नाही, आणि हे स्कॅन पुढे दर काही महिन्यांनी होणार आहेत तेव्हा तेही धरा.

म्हणून माझं मत, लिपिओडॉल वापरलं असेल तर एमआरआयच. तेलाशिवाय नुसते औषध भरलेले बारीक मणी सोडले असतील तर चांगला ट्रायफेजिक सीटीही, म्हणजे काँट्रास्ट देऊन वेगवेगळ्या टप्प्यांत काढलेला, चालून जातो. काय वापरलं ते डिस्चार्ज समरीत असतं, नसेल तर फोन करून विचाराच.

पण पेशंट बघून ठरवा हो. एमआरआयला अर्धा-पाऊण तास ठकठक आवाजात आडवं पडायचं आणि दरवेळी १५-२० सेकंद श्वास रोखायचा. पोटात खूप पाणी असेल, धाप लागत असेल तर फोटो हलतात आणि हललेल्या एमआरआयपेक्षा नीट काढलेला सीटी केव्हाही बरा. पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड नेऊन आधी विचारा, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तर बहुतेक दोन्हीला मागतात. पेट-सीटीचे आमचे पैसे वाचले कारण डॉक्टरांनीच थांबवलं, नेहमीच्या पेटमध्ये लिव्हरच्या बऱ्याच गाठी उजळतच नाहीत. साध्या सोनोग्राफीवर तर हे ठरवूच नका.

आमची पहिली एमआरआय वाया गेली, एका सेंटरला 'लिव्हर एमआरआय' एवढंच सांगितलं आणि त्यांनी काँट्रास्ट न देताच करून दिली. पैसे गेले, बाबांचे हाल झाले ते वेगळेच. अपॉइंटमेंट घेताना 'डायनॅमिक काँट्रास्ट, आर्टिरियल फेजसकट, टेसनंतरचा रिस्पॉन्स बघायचाय' असं चिठ्ठीवर लिहून घ्या. टेसच्या आधीच्या स्कॅनची सीडी पण न्या, नुसता रिपोर्ट नको, आणि पुढचे स्कॅन होईल तितकं त्याच प्रकारचे करा नाहीतर तुलना कशाची कशाशी करणार.

दुसऱ्या वेळी आठवडाभर आधीपासून तयारी केली. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसायचे, मी मोबाईलवर सेकंद लावायचे, 'श्वास घ्या, सोडा, आता थांबा'. पहिल्या दिवशी ११ सेकंदाला खोकला आला, शेवटी १८ पर्यंत गेले. फोटो स्वच्छ आले. गाठीच्या मागच्या कडेला चमकणारी एक पट्टी राहिलेली दिसली, आता तेवढ्यासाठी परत टेस करायचं ठरलंय.