जिप्सी किंग, २००८: इंजिन, टायर, पाटे आणि दोन पावसाळे

गगनबावड्याच्या अलीकडे आमची अडीच एकर जमीन आहे. डांबरी सोडल्यावर शेवटचा चारशे मीटरचा चढ तांबड्या मातीचा, मधे जांभ्याचे दोन कातळ उघडे पडलेले. उन्हाळ्यात तिथून कुठलीही गाडी वर जाते. जूनचे दोन मोठे पाऊस झाले की तीच माती बुटाच्या तळव्याला किलोकिलोने चिकटते आणि चाकाखाली साबणासारखी निसटते. २०२३ च्या जुलैत माझी मारुती जिप्सी फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू गिअर) असूनही याच चढावर अर्ध्यात दमली, मागे घसरली आणि कडेच्या चरीत बसली. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने काढली.

त्या रात्री वहीत यादी केली. मोठं इंजिन, ३१ इंची टायर, बॉडी दोन इंच उचलणारी लिफ्ट, गाडी ओढून काढणारी विंच, मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर. लोखंडी बंपर आधीच्या मालकाने लावलेला होताच. आज काम होऊन सतरा महिने आणि दोन पावसाळे झालेत, गाडी बारा हजार किलोमीटर फिरली आहे. यादीतलं एकही काम मी केलेलं नाही, आणि गाडी तो चढ भर पावसात चढते. जुनी जिप्सी घेतलेली पोरं माझ्याकडे हीच यादी घेऊन येतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी इंजिनाचं. माझी गाडी एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली, १२९८ सीसीचं जी१३बीबी, सोळा व्हॉल्व्ह. कागदावर ८० अश्वशक्ती ६००० आरपीएमला आणि १०३ न्यूटन-मीटर टॉर्क ४५०० आरपीएमला. आकडे नीट वाचले तर जिप्सीचा स्वभाव कळतो. ही डिझेलसारखी खालून ओढणारी गाडी नाही, तिला फिरतं ठेवावं लागतं. मला वाटायचं की आपली गाडी कमी पडते ती याचमुळे. म्हणून बलेनोचं १६०० सीसी इंजिन बसवायचा विचार केला, डिझेल इंजिनाचीही चौकशी केली. डिझेल बसवलं की नाकावर वजन वाढतं आणि इंधनाचा प्रकारच बदलतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलात फरक पाडणारा बदल चालत नाही, आणि इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. पंधरा वर्षं झाल्यावर फेरनोंदणी करून घेतलेली गाडी मला कागदोपत्री लंगडी करायची नव्हती.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक जुने मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना मामाच म्हणतो. माझी वही त्यांनी शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "दादा, हे सगळं करू. पर आधी चारी भावंडं कामाला येत्यात का बघूया. एक जरी घरात झोपला असंल, तर मोठं टायर ओढणार कोण?" भावंडं म्हणजे इंजिनाचे चार सिलिंडर.

त्यांनी इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायला मला सीटवर बसवलं आणि सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला. पहिला १८०, दुसरा १७८, तिसरा १३८, चौथा १७६ पीएसआय. तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. १४२ आलं. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट तात्पुरती बुजून आकडा चांगलाच वर गेला असता. तो गेला नाही, म्हणजे गळती वरून, व्हॉल्व्हकडून किंवा गॅस्केटमधून. एवढ्या साध्या तपासणीत पूर्ण इंजिन उतरवायचा खर्च वाचला. त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजने गेज न लावताच मला बोरिंग-पिस्टनचा खर्च सांगितला होता.

हेड उघडलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड चंद्रकोरीसारखी जळून गेलेली. तो व्हॉल्व्ह मी अजून टेबलावर ठेवलाय. व्हॉल्व्ह लॅपिंग, नवे स्टेम सील, हेडचं फेसिंग, गॅस्केट आणि टॅपेट सेटिंग असं काम झालं. उघडलंच आहे तर टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंपही बदलला. सगळे मिळून ३४ हजार रुपये गेले.

खरा धक्का थर्मोस्टॅटच्या घरात होता. घर रिकामं. कधीतरी कुणीतरी 'गाडी गरम होऊ नये' म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. आपल्याकडे हे फार चालतं, आणि मला त्याचा मनापासून राग आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर तापत नाही, घाट उतरताना पुन्हा थंड होतं. सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, 'इंजिन अजून गार आहे' असंच सांगत राहतो आणि ईसीयू पेट्रोल जास्त सोडत राहतो. माझी गाडी साडेआठची सरासरी देत होती, त्यात याचाही वाटा होताच. नवा थर्मोस्टॅट बसवला आणि ज्या रेडिएटरमुळे तो काढला गेला असावा, तो खोलून गाळ काढून घेतला. आता काटा मधोमध उभा राहतो, मे महिन्यात घाटातसुद्धा. सरासरी साडेदहा-अकरा पडते. मोठ्या टायरमुळे मीटर कमी मोजतो, तेवढी दुरुस्ती करूनच हा आकडा सांगतोय. तिसरा सिलिंडर कामाला परत आल्यावर गाडी वेगळीच झाली. दुसऱ्या गिअरमध्ये फोर-लोला पाय हलका ठेवला तरी ती मरत नाही.

मग वजन. सॉफ्ट टॉप जिप्सी रिकामी सुमारे ९८५ किलोची. डोंगरात तिचं सगळं मोठेपण या हलकेपणात आहे. जिथे दोन टनांची गाडी रुतते तिथून ही नुसती निसटून जाते. आधीच्या मालकाने लावलेला लोखंडी बंपर, छतावरचा कॅरिअर आणि जाड पाइपच्या पायऱ्या मी उतरवून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवल्या. एकट्या बंपरचे ५८ किलो, सगळे मिळून १०४. गाडीच्या दहा टक्के वजन मी वर्षानुवर्षं चढावर उचलत होतो. तेवढं उतरलं म्हणजे ऐंशीच्या जागी अठ्ठ्याऐंशी घोडे मिळाल्यासारखं, तेही एक नट न बदलता. पुढचं नाक बोटभर वर आलं. शिवाय असे क्रॅश गार्ड काढायला लावा, असं पत्र केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पाठवलेलं आहे. धडकेत पायी माणसाला त्याचा मार जास्त बसतो. विंचही याच हिशेबात गेली. तिच्याऐवजी मागे एक ताणणारा रिकव्हरी पट्टा, दोन शॅकल आणि फावडं असतं.

टायरच्या बाबतीत कागद-पेन्सिल घ्या. मूळ माप २०५/७० आर१५, व्यास ६६८ मिलिमीटर. सगळे सुचवतात ते २३५/७५ आर१५, व्यास ७३३. म्हणजे जवळपास दहा टक्के मोठं चाक, आणि गिअरिंग तेवढंच लांब. वजन उतरवून कमावलेलं सगळं हे टायर खाऊन टाकतं, आणि लो-रेशोतली पकडही पातळ होते. परदेशात सुझुकी समुराईवाले मोठे टायर लावले की ट्रान्सफर केसचे (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) गिअर बदलतात. आपली जिप्सी त्याच घराण्यातली, व्हीलबेस लांब असलेली. पण ते गिअर मागवून बसवण्याचा खर्च माझ्या आवाक्याबाहेर होता. म्हणून मी २१५/७५ आर१५ वर थांबलो. व्यास ७०३, म्हणजे पाच टक्के वाढ आणि अॅक्सलखाली १८ मिलिमीटर जागा. १८ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण आमच्या चढावरचा दुसरा कातळ आधी मागच्या डिफला (अॅक्सलमधला गिअरचा गोळा) घासायचा, आता घासत नाही. जिप्सीला दोन्हीकडे सलग अॅक्सल आहेत. लिफ्ट केल्याने बॉडी वर जाते, डिफ होतं तिथेच राहतं. डिफ उचलतं ते फक्त टायर. हे कळलं त्या दिवशी मी लिफ्टवर काट मारली.

ऑल-टेरेनच घेतले. मड-टेरेन आमच्या मातीत जास्त चालले असते हे खरं, पण माझं ऐंशी टक्के फिरणं डांबरावर आहे आणि ओल्या डांबरावर मला ब्रेकची खात्री हवी. मोठं माप घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारून घ्या. मी विमा कंपनीला लेखी कळवलंय.

आणि हवा! रस्त्यावर मी २४ पीएसआय ठेवतो, चढाच्या पायथ्याशी उतरून १५ करतो. टायर पसरून त्याचा मातीवरचा ठसा लांब होतो, आणि जिप्सी हलकी असल्याने एवढ्या कमी हवेवरही रिम खाली टेकत नाही. बाराच्या खाली मात्र जाऊ नका, वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. २०२४ च्या जुलैत आधी २४ वर प्रयत्न केला, गाडी पहिल्या कातळाशीच फिरायला लागली. खाली आणली, हवा १५ केली, फोर-लो, दुसरा गिअर, एकाच लयीत पाय. वर वडील छत्री घेऊन उभे होते, त्यांच्यासमोर जाऊन थांबलो. मोठं काही बोलले नाहीत. चारही चाकांकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "आता भाताची पोती यातनंच न्यायची."

ज्याने मला सर्वांत जास्त छळलं ते हँडल. नवे टायर बसवून आठवडा झाला आणि ताशी ५५-६० ला, रस्त्यावर छोटा खड्डा लागला की स्टिअरिंग दोन्ही हातांत थरथरू लागायचं. इतकं, की ब्रेक मारून ४० वर आणल्याशिवाय थांबत नसे. एकदा बायको आणि मुलगी गाडीत असताना झालं, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं नुसता बसून होतो. बॅलन्सिंग दोनदा केलं. अलाइनमेंट केली. एका ठिकाणी स्टिअरिंग डॅम्पर बदलून दिला, साडेतीन हजार घेतले, पंधरा दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. डॅम्परने थरथर दाबली होती, मूळ दुखणं तसंच होतं. शेवटी मामांनी पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवलं आणि बोट नकलच्या (चाक वळवणारा सांधा) टोपीवर ठेवलं. किंगपिन बेअरिंग, म्हणजे तो सांधा ज्यांवर फिरतो ती. झिजून त्यांचा ताण गेला होता. नवी बेअरिंग घातल्यावर त्यांनी नकलच्या हाताला वजन करायचा स्प्रिंगकाटा अडकवून ओढला, किती जोर लागतो ते पाहिलं, खालची पातळ शिम काढली, पुन्हा ओढला. चार वेळा. प्रत्येक वेळी टोपी खोलून. त्या दिवसापासून एकदाही थरथर नाही. जुन्या जिप्सीला मोठे टायर लावणार असाल तर हे काम टायरच्या आधी करा.

पाट्यांचं थोडक्यात. कमानपाटे खोलले, गंज घासला, बसलेले पाटे पाटेवाल्याकडून पुन्हा कमानीत आणून घेतले, सगळे बुश आणि शॉक अॅब्झॉर्बर नवे. पॅराबोलिक पाटे घेतले नाहीत. गाडी अजूनही कडकच बसते, पण आता आदळत नाही.

पाण्याचा धडा मला उशिरा मिळाला. पहिल्या पावसाळ्यात ओढ्यातून तीन-चार वेळा गेलो. गरम डिफ थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि वरच्या ब्रीदरमधून (हवा जायचं-यायचं भोक) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दिवाळीत तेल सोडलं तर ते दुधाच्या चहासारखं बाहेर आलं. बेअरिंग वाचली. आता दोन्ही डिफ, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांचे ब्रीदर रबरी नळीने इंजिन बेमध्ये वर नेऊन बांधलेत. नळी आणि क्लिपांना सहाशे रुपये लागले. यंदा पावसाळ्यानंतर तेल मधासारखं निघालं.

न आवडलेलंही सांगतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग आधीपेक्षा जड झालंय, आईला शेजारी बसवून बाजारात गाडी लावताना जाणवतं. ऐंशीच्या वर टायरचा घोंगावणारा आवाज येतो. मागच्या आडव्या बाकांवर कोल्हापूर ते गगनबावडा कुणी हौसेने बसत नाही.

लॉकरचे पैसे बाजूला ठेवलेत. एक मागचं चाक हवेत गेलं की उघडा डिफ सगळी ताकद त्यालाच देतो, ही अडचण अजून तशीच आहे आणि टायरने ती सुटत नाही. डिफ वेल्ड करून घ्यायचा स्वस्त सल्ला मला तिघांनी दिला. घाटातल्या वळणावर दोन्ही मागची चाकं एकाच वेगाने फिरणारी गाडी मी घरच्यांना घेऊन चालवणार नाही. ऑटो लॉकर मिळाला तर बघू. पण मागच्या ड्रमचे लायनर संपत आलेत आणि डाव्या टाय रॉड एंडला हलकी ढिलाई आहे. मामांनी पुढच्या महिन्यातला गुरुवार दिलाय, आधी ते.