पाचवी ते आठवी: बिशप्स की सेंट व्हिन्सेंट्स?

पुण्याच्या कॅम्पात मुलासाठी मिशनरी शाळा बघायची म्हटली, की गाडी याच दोन नावांवर अडते. बिशप्स 1864 ची, अँग्लिकन परंपरेतली. सेंट व्हिन्सेंट्स 1867 ची, जेझुइट फादरांची. दोन्हींकडे जुन्या इमारती आणि खेळायला मैदान, त्यामुळे तिथे फार डोकं खपवू नका.

खरा फरक बोर्डाचा. बिशप्स आयसीएसईची, म्हणजे देशभर शाळा असलेल्या बोर्डाची. तिथे सहावीपासून फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तीन वेगळे विषय, तीन वेगळी पुस्तकं, तीन वह्या. दप्तर उचलून बघा, कळेल! व्हिन्सेंट्समध्ये राज्य मंडळ. आठवीपर्यंत सामान्य विज्ञानाचं एकच पुस्तक. खोली थोडी कमी, पण संध्याकाळ मोकळी मिळते. शिवाय एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा दिल्या, तर इंटरमिजिएटच्या ग्रेडचे वाढीव गुण दहावीच्या निकालात धरले जातात. हात चित्रात रमणाऱ्या मुलाला हे फुकटचं नाही, कमावलेलं बक्षीस.

मराठीची काळजी करणाऱ्या आजीआजोबांना सांगा, 2020 च्या कायद्याने ती आयसीएसई शाळांतही सक्तीची आहे. मात्र राज्य मंडळात तिचा कस जास्त लागतो.

आणखी एक: आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के मोफत जागा अशा अल्पसंख्याक शाळांना लागू नाहीत, तेव्हा त्या आशेवर थांबू नका.

माझं मत विचाराल तर, बदलीची नोकरी असेल तर बिशप्स. पुण्यातच राहणार असाल तर व्हिन्सेंट्स.