एसी लोकलचा पास: डोंबिवली ते सीएसएमटी, काही महिन्यांचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर एसी लोकलचा पास काढला, आता थंडी पडायला लागलीय. गारव्यासाठी एवढे पैसे कशाला, असं ऑफिसात विचारतात. गारवा नंतरचा, मी पैसे मोजतो ते बंद होणाऱ्या दारासाठी.

९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. मी रोज तिथूनच जातो. एसी गाडीत त्या वळणावर दाराशी उभी असलेली माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून निवांत असतात. घरी वाट बघणाऱ्यांसाठी याहून मोठी सोय नाही.

गर्दी मात्र कमी नाही. संध्याकाळी घाटकोपरला मेट्रोची माणसं चढतात तेव्हा दार हमखास अर्ध्यात अडतं. शेवटी चढलेल्याची सॅक बाहेर राहिलेली असते. ‘भाऊ, बॅग पुढे घ्या!’ असा आतून ओरडा होतो, तो कसाबसा अर्धं पाऊल सरकतो आणि दाराचं रबर त्याच्या पाठीला घासत मिटतं. सगळी दारं लागल्याशिवाय गाडी हलत नाही, म्हणजे एका दारातल्या रेटारेटीची शिक्षा बाराही डब्यांना. पुढची गाडी पकडा की राव!

पण पुढची एसी कधी, हाच तर प्रश्न आहे. पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला धावली, मध्य रेल्वेवर त्यानंतर आली, तरी अजून एक चुकली की ताटकळावं लागतं. एसीचा पास साध्या लोकलच्या फर्स्ट क्लासला चालतो म्हणून निभावतं. ५ मे २०२२ पासून सुट्या तिकिटाचं भाडं निम्म्यावर आणलं, पासाला मात्र ती सवलत दिली नाही. रोज येणाऱ्या-जाणाऱ्यालाच वगळणं मला अजिबात पटत नाही.

पावसाळ्यात कोरड्या कपड्यांनी ऑफिस गाठता आलं. फुल गर्दीत दाराशी एसी फारसा जाणवत नाही, सीटांच्या मधे शिरलात तर बरं वाटतं.

ऑफिसची वेळ ठरलेली असेल आणि त्या वेळेला एसी गाडी असेल, तर पास जरूर काढा. शिफ्ट बदलत असेल तर आधी सुटी तिकिटं काढून आठवडाभर बघा.