मशीन घेण्याआधी आपलं पोट तपासा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या वर्षी गणपती उरकले आणि मी पोटाच्या व्यायामाचं मशीन मागवलं. खुर्चीसारखं असतं ते. बसायला छोटी गादी, दोन स्प्रिंगांवर मागे-पुढे होणारी पाठ आणि धरायला दोन्ही बाजूंना दांडे. किंमत ३,४०० रुपये. धाकटी तेव्हा दीड वर्षाची होती, दोन्ही बाळंतपणं सिझेरियनची. माझं वजन ७१ किलो आणि कंबर ९४ सेंटिमीटर. डोंबिवली लोकलमध्ये एका बाईंनी उठून मला जागा दिली आणि हळूच विचारलं, ‘कितवा महिना?’ त्यांच्या मनात काळजीच होती. पण त्याच रात्री मी मशीन मागवलं.

आता नऊ महिने झालेत. जे कळलं ते घेण्याआधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी मशीनबद्दल. जोडणी सोपी आहे, अर्ध्या तासात झाली. वजनाला हलकं, घडी घालून पलंगाखाली जातं, आमच्या वन बीएचकेमध्ये ही मोठीच सोय. पण गुळगुळीत टाइल्सवर ते पुढे सरकतं, खाली जाड सतरंजी किंवा रबरी मॅट लागतेच. तिसऱ्या महिन्यात उजवी स्प्रिंग कुरकुरायला लागली, तेलाचे दोन थेंब सोडले की आठवडाभर गप्प बसते. दांड्यांवरचा फोम या जूनच्या दमट हवेत चिकट झालाय.

हे सगळं चालवून घेता येतं. खरी अडचण स्प्रिंगमध्ये आहे. पहिल्या दिवशी वीस वेळा केल्यावर पोट चांगलंच दुखलं आणि मला फार आनंद झाला. तीन आठवड्यांत मी शंभरावर पोहोचले, तेही घाम न येता. तेव्हा वाटलं, आपण तयार झालो. नंतर नीट लक्ष देऊन बघितलं तर मागे जाताना मी पाठीने स्प्रिंग दाबत होते आणि वर येताना तीच स्प्रिंग मला ढकलत होती. पोटाला खरे कष्ट पडतात ते धड वर उचलताना. नेमकं तेच काम मशीन करत होतं. जसजशी ताकद वाढते तसा व्यायाम अवघड व्हायला हवा. या मशीनवर तो सोपा होत जातो आणि मग फक्त आकडा वाढवत बसावं लागतं. अमेरिकेत २००१ साली सॅन डिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत पोटाचे तेरा व्यायाम स्नायूंना संवेदक लावून तपासले होते. त्यात उताणं झोपून सायकल चालवल्यासारखे पाय हलवण्याचा, फुकटचा व्यायाम पहिला आला आणि एक झुलणारं यंत्र शेवटचं.

ऑक्टोबरमध्ये कंबर धरली. मी पहाटे सव्वापाचला उठल्या उठल्या मशीनवर बसायचे, कारण पुढे डबे आणि ६.५२ ची लोकल. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात आणि उठल्यानंतर पहिला तासभर वाकण्याचा ताण त्यांना जास्त जाणवतो, हे मला मागाहून कळलं. वेळ संध्याकाळची केली आणि कंबर पंधरा दिवसांत सुटली.

पण मुख्य गोष्ट दिवाळीनंतर घडली. एका संध्याकाळी कुर्ता वर सरकला होता आणि समोर कपाटाचा आरसा होता. मी मागून वर येत असताना छातीच्या खालून बेंबीपर्यंत पोटाच्या मधोमध एक उभा उंचवटा आला. करंजीची पाठ असते ना, अगदी तसा. आडवी झाले की नाहीसा, डोकं उचललं की परत हजर. दुखत काहीच नव्हतं. मी चार-पाच वेळा करून बघितलं आणि मग हात थरथरायला लागले.

इथल्याच एका फिजिओथेरपिस्टताईंकडे गेले. त्यांनी मला उताणं झोपवलं, गुडघे वाकवायला लावले आणि म्हणाल्या, ‘डोकं जरासं उचला.’ बेंबीच्या वर मधोमध बोटं आडवी ठेवली. तीन बोटं आत गेली. पोटाचा सरळ स्नायू हे खरं तर दोन उभे पट्टे असतात आणि त्यांना मधला चिवट पडदा जोडून ठेवतो. गरोदरपणात पोट वाढतं तसा तो ताणला जातो, पट्टे बाजूला सरकतात. बऱ्याच जणींचे ते आपोआप जवळ येतात, सगळ्यांचे नाही. नॉर्वेमध्ये ३०० पहिलटकरणींना वर्षभर तपासलं होतं, तेव्हा बारा महिन्यांनंतरही दर तिघींमागे साधारण एकीच्या पोटात ही फट शिल्लक होती. म्हणजे हे काही जगावेगळं दुखणं नाही. मग दोन बाळंतपणांत मला ते कुणीच कसं सांगितलं नाही? आईने चाळीस दिवस शेक दिला, डिंकाचे लाडू केले, जुन्या सुती साडीची घडी घालून पोट घट्ट बांधलं. त्या बांधण्याने कमरेला फार आराम पडायचा, आजही तो आधार आठवतो. पण टाके बरे झाल्यावर पोट आतून जुळलंय का, हे घरातही कुणी बघितलं नाही आणि दवाखान्यातही नाही.

ताई मशीनला वाईट म्हणाल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘उंचवटा येतोय म्हणजे हा ताण तुमच्या पोटाला पेलत नाहीये. पेलायला लागेल तेव्हा करा.’ मग अडीच महिने मशीन पलंगाखाली. उताणं झोपून श्वास सोडत बेंबी हळूच पाठीकडे न्यायची आणि तशीच ठेवून एक टाच पुढे सरकवायची, परत आणायची. मग दुसरी. दिसायला काहीच नाही, पण पहिल्या आठवड्यात सहा वेळा केलं तरी पोट लटपटायचं. मशीनवर शंभर काढणारी मी, इथे सहावर थांबत होते. मार्चमध्ये फट दीड बोटावर आली. पाण्याचा भरलेला हंडा उचलताना कमरेत जी कळ यायची ती गेली, आणि हा फायदा मला पोट आत जाण्यापेक्षा मोठा वाटतो.

म्हणून मशीन निवडण्याआधी ही तपासणी घरी करा. वेळ दोन मिनिटं. बेंबीवर, तिच्या थोडं वर आणि थोडं खाली, तिन्ही ठिकाणी बघा. दोन बोटांपेक्षा जास्त फट लागली, डोकं उचलताना उंचवटा आला किंवा बेंबीपाशी गोळा लागला, तर आधी डॉक्टरांना दाखवा, कारण तो हर्नियाही असू शकतो. बाळ दहा वर्षांचं झालं असलं तरी करा. पोट सुटलेल्या पुरुषांतही अशी फट आढळते, तेव्हा घरातल्या पुरुषांनाही झोपवा.

आता ज्यासाठी बहुतेक जण मशीन घेतात ते, म्हणजे पोट कमी करणं. मशीनने ते होत नाही, कुठल्याच. २०११ मध्ये एका अभ्यासात लोकांकडून सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस फक्त पोटाचे व्यायाम करून घेतले. स्नायूंचा दम वाढला, पोटावरची चरबी होती तेवढीच राहिली. व्यायाम पोटाचा केला म्हणून चरबी पोटावरचीच जाते असं शरीर चालत नाही. ‘तीन मिनिटं म्हणजे शंभर सिट-अप’ अशी जाहिरात करणाऱ्या ‘अ‍ॅब सर्कल प्रो’च्या विक्रेत्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २०१२ मध्ये अडीच कोटी डॉलरपर्यंत परतफेडीची तडजोड झाली. आपल्याकडे अशा जाहिराती मोबाइलवर रोज येतात. माझी कंबर ९४ वरून ८९ वर आली आणि वजन ६७ झालं, ते स्टेशनवरून रिक्षा सोडून चालत घरी आल्याने आणि रात्रीचं जेवण आठला आटोपून नंतरचा भात बंद केल्याने. भारतीय बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. मला अजून लांब जायचंय.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. बदलापूरला जाऊबाईंकडे गुडघे टेकून वर सरकायचं मशीन आहे, वळणदार रुळावर चालतं. त्यात पाय आणि कंबर खरोखर उचलावी लागते, कोपर गादीवर असल्याने मान ओढली जात नाही आणि वजनाच्या चकत्या लावून ताण वाढवता येतो. तब्येतीने धडधाकट माणसाला मी ते सुचवेन, पण खोलीचा एक कोपरा कायमचा जातो. विजेचे झटके देणाऱ्या पट्ट्यावर एक रुपया घालवू नका. स्नायू आकसतात, चरबी जात नाही, आणि पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील तर तो बांधायचाच नाही.

मी एप्रिलमध्ये ५५० रुपयांचं चाक घेतलं, दोन मुठी आणि मधे चाक. हे मला मनापासून आवडलं. कारण स्प्रिंगच्या अगदी उलट, ते काहीच मदत करत नाही. गुडघ्यांवर बसून भिंतीकडे तोंड करायचं, चाक भिंतीला टेकेल तेवढंच पुढे जायचं आणि ताकद आली की भिंतीपासून वीतभर मागे सरायचं. एप्रिलमध्ये मी दीड फुटावर होते, आता अडीच फुटांवर आहे. कंबर खोलगट झाली किंवा मधला उंचवटा दिसला की त्या दिवशीचं तिथेच थांबवते. पण सुरुवातच चाकाने करू नका, ते खूप अवघड आहे, आणि खांदा दुखत असेल तर नकोच.

दुकानात जाऊन घेणार असाल तर बसून, झोपून, दहा वेळा करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. वर येताना हात सोडून बघा. मशीन तुम्हाला उचलतंय असं वाटलं तर ते सहा आठवड्यांत निरुपयोगी होणार. उंची कमी असेल तर पाय जमिनीला पूर्ण टेकतात का बघा, माझी उंची पाच फूट, माझे जेमतेम टेकतात. आणि उंची बदलायची पिन ओढून बघा. ती ढिली असेल तर बाकी काही बघू नका.

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मशीन मागितलं, त्यांच्या लेकीसाठी. तिला बाळंत होऊन सहा महिने झालेत. म्हटलं, आधी तिला वर पाठवा. ती आली, बाळाला मी घेतलं, तिला सतरंजीवर झोपवलं आणि डोकं उचलायला सांगितलं. अडीच बोटं. तिला हाताने तिचा स्वतःचा उंचवटा चाचपायला लावला, तेव्हा ती एकदम गप्प झाली. मशीन दिलं नाही, ताईंचा नंबर दिला. सोमवारी चारची वेळ मिळालीय, आणि मी अर्धी रजा टाकून तिच्याबरोबर जाणार आहे.