अपेक्षेने घेतलेली अकरा पुस्तकं : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या बोनसमधून मी अकरा पुस्तकं घेतली. नवं काही करून बघायचा विचार अजिबात नव्हता. जी आपल्याला आवडणारच, "तू अजून वाचलं नाहीस?" असं ज्यांच्याबद्दल ऐकून कान किटले, तेवढीच घ्यायची. साडीचा रंग फसतो, चप्पल चावते, ही खरेदी काही फसायची नाही, असं मी नवऱ्याला बजावलंसुद्धा. आता आषाढ संपत आला. नऊ महिने वापरून झालीत, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आधी हिशोब. मी पतसंस्थेत नोकरीला, त्यामुळे सवय. अकरापैकी आठ पूर्ण वाचली, दोन अर्ध्यात सोडली, एक अजून प्लास्टिकच्या वेष्टनात आहे. मनापासून आवडली तीन. वसुलीचा हा आकडा आमच्या वार्षिक सभेत मांडला तर सभासद खुर्च्या उचलतील.

सगळ्यात स्वस्तातला फटका आधी सांगून टाकते. एका हॉलमध्ये सवलतीचं प्रदर्शन लागलं होतं, कुठलीही तीन पाचशेला. तिथून एक अनुवादित पुस्तक उचललं, पहाटे उठून आयुष्य पालटायच्या जातीतलं. ऑफिसातल्या चौघींनी वाचलेलं, चौघींनी डोळे मोठे करून सांगितलेलं. त्यात ११२ पानानंतर पुन्हा ९७ पान. बाइंडिंगवाल्याने एक फर्मा दोनदा शिवलेला आणि पुढचा घातलाच नव्हता, म्हणजे ११३ ते १२८ ही सोळा पानं गायब. राग यायला हवा होता. पण मला ते कळलं कधी, तर अमेरिकेतल्या त्या सेल्समनने दुसऱ्यांदा नोकरी सोडली तेव्हा. सात पानं मी तीच ती परत वाचत होते आणि काही वेगळं वाटलंच नाही! १२९ वरून पुढे गेले, तिथेही काही अडलं नाही. बदलून घ्यायला गेले तर प्रदर्शन गुंडाळून मंडळी गेलेली. अर्ध्यात सोडलेल्या दोनांपैकी हे एक.

'ययाति'चं मात्र वाईट वाटलं. आम्ही कोल्हापूरचे, खांडेकरांचं घर आपल्या गावात होतं याचा तोरा आम्हाला पाळण्यापासून. कादंबरी १९५९ची, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ १९७४ला तिलाच. आमच्या शाळेच्या दारात सुविचाराचा फळा असायचा. दहावीच्या वर्षी तो लिहायचं काम माझ्याकडे होतं आणि आठवड्यातून दोनदा तरी खाली 'वि. स. खांडेकर' असायचं. ते लफ्फेदार अक्षरात काढताना ठरवलं होतं, मोठी झाले की हे सगळं सलग वाचायचं.

मोठी व्हायला जरा वेळ लागला. जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत मिळाली. आधीच्या मालकाने पेन्सिलीने भरपूर रेघा मारलेल्या, समासात कुठे 'वा!', कुठे 'निबंधासाठी'. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की मी एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर उड्या मारतेय. मधला मजकूर म्हणजे दोन फळ्यांमधला जिना. रबर घेऊन बसले, तीसेक पानं खोडून काढली. तरी वाक्य सुरू झालं की कळायचंच, आता हे फळ्यावर जाणार. कादंबरीला नावं ठेवायची माझी पात्रता नाही. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू सांगतात आणि देवयानी बोलायला लागली की फळा आपोआप पुसला जातो. तिचा अपमान, तिचा हट्ट, तिचं ते स्वतःलाच पटवून देणं. तेवढ्यासाठी पूर्ण वाचली. बाकीची मी बहुधा पंधराव्या वर्षीच खडूने लिहून संपवली होती.

'कोसला'चा प्रकार याच्या उलट. विद्यापीठाच्या वसतिगृहात आमच्या ग्रुपमधले तिघे त्या पुस्तकातलीच भाषा बोलायचे. उदाहरणार्थ आमटी पातळ आहे वगैरे. उदाहरणार्थ पेपर थोर गेला वगैरे. मी हसायचे आणि वाचलंय असं भासवायचे. (पंचवीस वर्षं भासवत होते. इथे पहिल्यांदाच कबूल करतेय.) आता शेहेचाळिसाव्या वर्षी खरोखर वाचायला घेतली तर पहिली शंभर पानं पांडुरंग सांगवीकर मला आमच्या त्या तिघांची नक्कल करतोय असं वाटत राहिलं! १९६३ साली पंचविशीतल्या एका माणसाने हे पहिल्यांदा लिहिलं, तोवर असं कुणी लिहिलं नव्हतं, हे डोक्याला कळत होतं. कानाला कळत नव्हतं. मेसमधल्या त्या आमटीने मूळ पुस्तक पातळ करून ठेवलेलं.

मग मनी आली. पांडुरंगची धाकटी बहीण, देवीच्या साथीत जाते ती. त्या तिघांपैकी एकानेही कधी मनीचं नाव काढलं नव्हतं. तिथे 'वगैरे' आलं की हसू येत नाही, घशात काहीतरी अडकतं. मी पुस्तक पालथं घातलं आणि उगाचच कुकर लावायला उठले. म्हणजे फसवणूक झाली, पण वेगळीच. मला हे पुस्तक विनोदी म्हणून विकलं होतं. आवडलेल्या तिनांत ते आहे, पण नाराजीचा शिक्का मारून.

या दोन धक्क्यांनंतर मी वापराची पद्धत बदलली, ती इच्छुकांसाठी. मलपृष्ठ वाचायचं नाही. प्रस्तावना शेवटी. आणि वाचायला घेतलंय हे घरात किंवा ऑफिसात कुणाला सांगायचं नाही, कारण सांगितलं की समोरचा त्याला आवडलेला प्रसंग आपल्या हातात ठेवतो आणि मग आपण तो प्रसंग येईपर्यंत स्टँडवर बसची वाट बघितल्यासारखे वाचत राहतो. पन्नास पानांत नाही जमलं तर सोडावं म्हणतात, ते मला पटत नाही. मनी पन्नास पानांत येत नाही.

'बनगरवाडी' मी फुकटातली समजून घेतली होती, पाचशेच्या हिशोबातलं तिसरं पुस्तक म्हणून. अपेक्षा शून्य. धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर जातो, शाळा चालवतो, वाडी हळूहळू त्याला आपला म्हणते आणि शेवटी दुष्काळात ती वाडीच उठते. सडपातळ पुस्तक, दोन रात्रींत संपलं, तिसऱ्या रात्री पुन्हा घेतलं. तिच्याबद्दल जास्त लिहीत नाही. आत्ताच काय म्हटलं मी?

आता 'मृत्युंजय'. खरं तर हा सगळा खटाटोप त्याच्यासाठीच होता.

लेखक आमच्या जिल्ह्यातले, आजऱ्याचे. कोल्हापुरात राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक होते. १९६७ला पुस्तक आलं तेव्हा वय सत्तावीस. आमच्या घरात हे सगळं पाहुण्यांना सांगितलं जायचं. पण मला कर्ण भेटला तो आत्याकडून. मे महिन्यात ती माहेरपणाला आली की गच्चीवर शेवया व्हायच्या. यंत्राच्या नव्हे, पाटावर हाताने लांबवायच्या. आम्ही पोरं काठीवर वाळत घालायला. आत्या एकीकडे पीठ ओढायची आणि एकीकडे कर्ण सांगायची. इंद्र ब्राह्मणाचं सोंग घेऊन येतो आणि कर्ण अंगावरचं कवच सोलून काढतो, तिथे तिचा आवाज खाली यायचा आणि हातातली शेवई केसाएवढी बारीक व्हायची. ती तुटेल म्हणून आम्ही श्वास धरायचो. तुटायची नाही.

मग यायचा माझा सगळ्यात आवडता भाग. कर्ण रक्ताने माखलेला. वैद्य हात टेकतात. तेव्हा अंगदेशातल्या तालमीचा म्हातारा वस्ताद परातीत हौद्यातली लाल माती घेऊन येतो. ताक, हळद, लिंबू, तेल घालून मुरवलेली. ती तो कर्णाच्या अंगभर लावतो आणि म्हणतो, "लेकरा, देवाचं कवच गेलं. आता हे आपलं घे." आत्या हे सांगताना पिठाचा हात माझ्या दंडावरून फिरवायची. अजून अंगावर काटा येतो.

तर मी ते विटेएवढं पुस्तक घेऊन बसले. कर्ण बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण बोलतात. भाषा भारी, जागोजागी उपमांचे हार, पण मी तक्रार करत नव्हते, कारण मला पुढचं माहीत होतं. इंद्र आला. कवच गेलं. पान उलटलं. वस्ताद नाही. म्हटलं, पुढे कुणाच्या तरी आठवणीत येईल. युद्ध लागलं. चाक रुतलं. शेवटी कृष्ण बोलायला लागला तेव्हाही मी परात येईल म्हणून थांबलेली. पुस्तक मिटलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, पण कर्णासाठी नव्हतं. आवृत्ती संक्षिप्त तर नाही ना, म्हणून पहिलं पानही तपासलं.

पुढच्या रविवारी कागलला आत्याकडे गेले. आता ती चौऱ्याहत्तरची, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, शेवया दुकानातून येतात. चहा होईपर्यंत दम धरला.

"आत्या, तो वस्ताद कुठल्या भागात येतो गं?"

"कुठला वस्ताद?"

"मृत्युंजयमधला. माती लावतो तो."

ती बघतच राहिली. मग म्हणाली, "मी कुठलं वाचलंय ते पुस्तक? वाचनालयातनं आबा आणायचे. रात्री कंदिलापाशी वाचायचे आणि सकाळी म्हशीची धार काढताना मला सांगायचे. निम्म्यावर आलं आणि वाचनालयाचा माणूस दारात. म्हणाला, द्या परत, पुढं लोकांचे नंबर लागल्यात. मग काय, पुढचं आबांनीच लावलं."

आबा म्हणजे माझे आजोबा. दोन्ही कान मोडलेले, आयुष्य तालमीत गेलेलं.

"आणि माती?"

"मग? माती लावल्याशिवाय जखम भरती होय?"

मी गप्प. मराठीतल्या एवढ्या गाजलेल्या कादंबरीत मी एका धार काढणाऱ्या पैलवानाचं वाक्य शोधत होते आणि ते नाही म्हणून लेखकावर रुसले होते. पाचपैकी किती तारे द्यावेत हे इथेच अडलंय. जे पुस्तक मी वाचलं ते मला मधूनमधून लांबलचक वाटलं, हे खरं. पण ते मी नीट वाचलं का?

कारण कपबशा उचलताना आत्याने सहज विचारलं, "मग त्या पुस्तकात काय लावलंय जखमेला?"

मला सांगता येईना. पान उलटायच्या घाईत मी तेवढं बघितलंच नव्हतं. ती म्हणाली, "बघून सांग. फोनवर नको, वाचूनच दाखव. आबांचं निम्मं राहिलंय."

परवापासून पुन्हा काढलंय. या खेपेला मोठ्याने, दर रविवारी कागलला, कवचाच्या आधीपासून. आत्या मधेमधे थांबवते आणि आबांनी कसं सांगितलं होतं ते सांगते. त्यामुळे वेग कमी आहे. अकरावं पुस्तक अजून प्लास्टिकमध्येच आहे. त्याचा अनुभव दिवाळीनंतर लिहीन.