न्यूयॉर्क टाइम्सचं रोजचं शब्दकोडं, पुण्यातून सोडवताना

गेल्या पावसाळ्यात न्यूयॉर्क टाइम्सच्या कोड्यांचं वर्षभराचं सदस्यत्व घेतलं आणि तेव्हापासून रोजचं मोठं शब्दकोडं सोडवते आहे. अनुभव मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण या कोड्याबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिकेत वाढलेल्या माणसांनी लिहिलेलं असतं. एरी हे सरोवर, नोम हे गाव, ऑट हा बेसबॉल खेळाडू, हे शब्द त्यांच्या लहानपणापासून कानावर पडलेले असतात. मी वाढले सांगली जिल्ह्यात, राहते पुण्यात. माझ्यासारखीला हे कोडं झेपतं का आणि झेपलं तर त्यातून हाती काय लागतं, हे सांगायचं आहे.

झेपतं. पण शेवटचं घर भरलं की ॲप बंद करून कामाला लागणार असाल तर पैसे घालवू नका. आडव्या-उभ्या अक्षरांच्या आधाराने माहीत नसलेला शब्दही चौकटीत बसतो, आणि तो बसला म्हणून आपल्याला काही कळलं असं होत नाही. कोडं सुटल्यावर त्यातले दोन-तीन अनोळखी शब्द शोधायचे, वहीत लिहायचे आणि घरात कुणाला तरी समजावून सांगायचे. ही सवय लागली तेव्हापासून माझे पैसे वसूल व्हायला लागले.

आधी भारतातून वापरण्याचा तपशील. मंगळवार ते शनिवारचं कोडं न्यूयॉर्कमध्ये आदल्या रात्री दहाला येतं, म्हणजे आपल्याकडे त्याच तारखेला सकाळी साडेसातला. तिकडचा हिवाळा लागून घड्याळं बदलली की साडेआठला. रविवारचं आणि सोमवारचं कोडं आदल्या संध्याकाळी सहालाच देतात, त्यामुळे आपण उठतो तेव्हा ते हजर असतं. मदत न घेता त्याच दिवशी पूर्ण केलं तर कॅलेंडरवर सोनेरी तारा, नाहीतर निळा. चौकट पूर्ण भरली आणि सगळं बरोबर असेल तर धून वाजते. कुठेतरी चूक असेल तर तेवढंच सांगतात, कुठे ते सांगत नाहीत. ही पद्धत मला फार आवडली. पुन्हा एकेक शब्द तपासायला लागतो, आणि त्या तपासणीतच बरंच शिकणं होतं.

आपलं वर्तमानपत्रातलं मराठी कोडं लहानपणापासून सोडवणाऱ्यांना इथली बांधणी सुरुवातीला चक्रावून टाकते. मराठीत एका घरात काना-मात्रा-वेलांटीसकट अख्खं अक्षर बसतं, म्हणून शब्द तीन-चार घरांत संपतो आणि मधे काळी घरं भरपूर राहतात. बरीच अक्षरं एकाच शब्दाची असतात, दुसऱ्या दिशेने त्यांची खात्री करता येत नाही. टाइम्सच्या कोड्यात एकही अक्षर असं एकटं नसतं. प्रत्येक अक्षर आडव्या शब्दातही येतं आणि उभ्यातही. चौकट १५ बाय १५ची, रविवारी २१ बाय २१. ती अर्धा फेरा फिरवली तरी काळ्या घरांची नक्षी सहसा तीच दिसते. दोन अक्षरी शब्द चालत नाही. रोजच्या चौकटीत मोठ्या उत्तरांना जोडणारा एखादा विषय असेल तर जास्तीत जास्त ७८ शब्द, विषय नसेल तर ७२, असा सर्वसाधारण दंडक आहे.

हे सांगायचं कारण असं की अनोळखी शब्द पुन्हा पुन्हा का येतात हे यातूनच कळतं. प्रत्येक अक्षर दोन्ही दिशांना जुळवायचं तर रचनाकाराला स्वर भरपूर लागतात. म्हणून चार इंग्रजी अक्षरांत तीन स्वर असलेले ओरिओ, एरी, ओबो, एपे, ॲलो (म्हणजे कोरफड) हे शब्द सतत भेटतात. आपली साडी, आग्रा, नान, राणी याच कारणाने तिथे जाऊन बसली आहेत. ताजमहालाचं शहर विचारलं आणि चार घरं दिसली की मी दोन सेकंदांत पुढे जाते, तेव्हा ओहायोतला माणूस तिथे थोडा अडत असेल असं वाटतं.

तर हे नेहमीचे पाहुणे. ते कोण आहेत हे एकदा नीट समजून घेतलं की पुढचे महिने सोपे जातात. ओरिओ हे बिस्किट १९१२ साली न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातल्या कारखान्यात सुरू झालं. आज त्याच इमारतीत चेल्सी मार्केट आहे. हायड्रॉक्स नावाचं तसलंच बिस्किट त्याच्या आधी, १९०८ साली, आलं होतं, म्हणून ‘हायड्रॉक्सचा प्रतिस्पर्धी’ असा क्लू आला की उत्तर ठरलेलं. ओबो हे वाद्य, ज्याच्या सुरावर पाश्चात्त्य वाद्यवृंद आपली वाद्यं लावून घेतो. एपे ही तलवारबाजीतली अशी तलवार की तिच्यात प्रतिस्पर्ध्याचं सगळं शरीर लक्ष्य असतं. फॉइलमध्ये फक्त धड, सेबरमध्ये कमरेच्या वरचा भाग. हा फरक समजल्यापासून ऑलिंपिकमधली तलवारबाजी मी पहिल्यांदा समजून पाहिली. इनो म्हटलं की आपल्याला पोटात जळजळ झाल्यावर घ्यायची पावडर आठवते. इथे तो संगीतकार ब्रायन इनो असतो. विंडोज ९५ सुरू होताना वाजायचा तो काही सेकंदांचा आवाज त्याने केलेला. माझ्या पिढीने ऑफिसात रोज सकाळी ऐकलेला.

एरीबद्दल मात्र थोडं जास्त. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरच्या पाच महासरोवरांपैकी हे एक. सुरुवातीला मी चार अक्षरं भरून पुढे जायचे. एके दिवशी क्लू सरोवराऐवजी कालव्याचा आला, म्हणून शोधलं. एरी कालवा १८२५ साली पूर्ण झाला. हडसन नदीकाठच्या ऑल्बनीपासून सरोवराकाठच्या बफेलोपर्यंत ३६३ मैल, म्हणजे साधारण ५८४ किलोमीटर. उद्घाटनाला गव्हर्नर डेविट क्लिंटन यांनी एरी सरोवराचं पाणी न्यूयॉर्कच्या बंदरात समुद्रात ओतलं. आतल्या प्रदेशातलं धान्य आणि लाकूड या कालव्याने थेट बंदरात येऊ लागलं आणि न्यूयॉर्क देशातलं सगळ्यात मोठं बंदर म्हणून पुढे निघून गेलं. चार घरांच्या शब्दामागे एका शहराच्या भरभराटीचं कारण निघालं.

नोम तसाच. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरचं छोटं गाव. जानेवारी १९२५मध्ये तिथे घटसर्पाची साथ आली. समुद्र गोठलेला, उपयोगाचं औषध नाही. नेनानापर्यंत रेल्वेने औषध आलं आणि तिथून पुढे ६७४ मैल कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी, टप्प्याटप्प्याने. वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्री. साडेपाच दिवसांत औषध पोचलं. शेवटचा टप्पा धावला बाल्टो नावाचा कुत्रा, त्याचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बसवला. सगळ्यात लांबचा आणि धोक्याचा टप्पा मात्र टोगो नावाच्या कुत्र्याने ओढला होता, गाडीवान लिओनहार्ड सेपाला. हे जेवताना धाकट्याला सांगितलं तर त्याने ताट तसंच ठेवून नकाशा उघडला आणि म्हणाला, “आई, मग टोगोचा पुतळा पहिला का नाही बसवला?” या प्रश्नावर आम्ही तासभर बोलत होतो. बाल्टो हे पाच घरांचं आणि टोगो हे चार घरांचं, दोन्ही नावं आता त्याला पाठ आहेत.

खरी अडचण बेसबॉलची. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा भाग परका राहतो आणि कोड्यात तो भरपूर असतो. यासाठी माझा दादा आहे, न्यू जर्सीत कित्येक वर्षं राहिलेला.

“दादा, हा तीन अक्षरी ऑट कोण रे?”

“अगं, मेल ऑट. न्यूयॉर्क जायंट्सचा. ५११ होमरन मारलेत त्याने. चेंडू यायच्या आत पुढचा पाय गुडघ्यातून उचलायचा, बघ व्हिडिओ पाठवतो.”

व्हिडिओ पाहिला, पाय पाहिला, ऑट कायमचा लक्षात राहिला. असेच तीन अलू बंधू, फेलिपे, मॅटी आणि हेसूस. सप्टेंबर १९६३मध्ये हे तिघे सख्खे भाऊ सॅन फ्रान्सिस्को जायंट्ससाठी एकाच वेळी आउटफील्डमध्ये उभे होते. कोड्यात चार घरं आणि ‘बेसबॉलमधले भाऊ’ असं दिसलं की ते हेच. ज्यांना असा दादा नाही त्यांनी पहिले दोन महिने खेळाच्या क्लूंवर वेळ घालवू नये, आडव्यावरून उभं काढावं.

आडव्यावरून उभं निघत नाही अशीही जागा असते. दोन अनोळखी विशेषनामं एकाच घरात एकमेकांना छेदतात आणि त्या घरात कुठलंही अक्षर चालेल असं वाटतं. अमेरिकन कोडेवाले याला ‘नेटिक’ म्हणतात. २००८च्या एका कोड्यात बॉस्टन मॅरेथॉनच्या वाटेवरचं नेटिक हे गाव आणि चित्रकार एन. सी. वायथ यांचं नाव एका एन अक्षरावर छेदलं होतं, त्यावरून हा शब्द पडला. अमेरिकेतल्यांना जिथे कधीतरी नेटिक भेटतो, तिथे आपल्याला आठवड्यातून अनेकदा भेटतो. जुना टीव्ही कलाकार आणि एखादं विद्यापीठाचं गाव एकत्र आलं की संपलं. रचनाकारांनी अशा छेदांचा विचार अमेरिकेबाहेरच्या वाचकासाठीही करावा, असं माझं ठाम मत आहे. सदस्य आता जगभर आहेत.

आठवड्याचा चढ समजून घ्या. सोमवार सगळ्यात सोपा, शनिवार सगळ्यात अवघड. रविवार आकाराने मोठा, अवघडपणा साधारण गुरुवारएवढा. गुरुवारी काहीतरी युक्ती असते: एका घरात अनेक अक्षरं, वळून जाणारे शब्द, गाळलेली अक्षरं. गुरुवार माझा सगळ्यात लाडका वार झालाय. क्लूचंही व्याकरण असतं. क्लू अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी, क्लू भूतकाळी तर उत्तर भूतकाळी, क्लूमध्ये संक्षेप असेल तर उत्तरही संक्षेप. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर शब्दखेळ आहे हे नक्की. ‘लंडनचं फ्लॉवर?’ असं विचारलं तर फूल शोधायचं नाही. ‘फ्लो’ म्हणजे वाहणं, म्हणून जे वाहतं ते, अर्थात थेम्स नदी. टाइम्स रोज एक स्पष्टीकरणाचा स्तंभ देतं, त्यात असे शब्दखेळ छान उलगडतात आणि रचनाकाराचं मनोगतही असतं. तो जरूर वाचा. फक्त अमेरिकन वाचकाला ठाऊकच असणार असं जे धरलेलं असतं ते त्यात नसतं. एरी कालवा आपला आपणच शोधायचा.

सदस्यत्वात नोव्हेंबर १९९३पासूनची जुनी कोडी मिळतात. विल शॉर्ट्झ संपादक झाले तेव्हापासूनची. त्यांच्या आधी तिघेच संपादक होऊन गेले. पहिल्या मार्गारेट फरार, १९४२पासून. खरं तर टाइम्सने बराच काळ कोड्यांना दारात उभं केलं नव्हतं. लिव्हरपूलच्या आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ला न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये पहिलं कोडं छापलं, आणि टाइम्समध्ये कोडं यायला १५ फेब्रुवारी १९४२ उजाडला. पर्ल हार्बरवर हल्ला होऊन गेला होता, आणि युद्धाच्या बातम्यांत वाचकांना थोडा विसावा हवा असं संपादकांना वाटलं. रोजचं कोडं सुरू झालं ते ११ सप्टेंबर १९५०ला.

या जुन्या साठ्यात एक कोडं प्रत्येकाने काढून पाहावंच: ५ नोव्हेंबर १९९६, अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा दिवस. मधोमध क्लू होता, उद्याच्या वर्तमानपत्रातली मुख्य बातमी. निकाल लागायच्या आत हे कसं छापणार? रचनाकार जेरेमाया फॅरेल हे बटलर विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक. त्यांनी असं जुळवलं की ‘क्लिंटन’ भरा किंवा ‘बॉब डोल’, दोन्ही सात अक्षरी, दोन्ही बरोबर. छेदणारे उभे क्लूही तसेच दुहेरी. पहिल्या अक्षराला छेदणारा क्लू होता हॅलोविनचा काळा प्राणी: सी घातलं तर मांजर, बी घातलं तर वटवाघूळ. दुसऱ्याला फ्रेंच शिकताना सुरुवातीला येणारा शब्द: एल घातलं तर ‘ल्वी’ (lui), ओ घातलं तर ‘वी’ (oui). असं सातही अक्षरांना. टाइम्सने एका उमेदवाराची बाजू घेतली असं समजून लोकांनी रागाने फोन केले, आणि दोन्ही बाजूंच्या लोकांनी केले. मी हे सोडवलं तेव्हा उत्तर आधीच माहीत होतं, तरीही ती चौकट पुन्हा पुन्हा पाहत बसले. सात अक्षरांत हे जमवायला किती दिवस लागले असतील!

कुणी घ्यावं? इंग्रजी वाचन बऱ्यापैकी आहे, शोधायचा कंटाळा नाही आणि रोज अर्धा-पाऊण तास काढता येतो, त्यांनी. नुसता शब्दसंग्रह वाढवायचा असेल तर हे चुकीचं साधन आहे, इथे अवघड शब्दांपेक्षा माणसं, गावं आणि खेळाडू जास्त आहेत. पाच बाय पाचचं मिनी कोडं मुलांसोबत सोडवायला चांगलं, पण त्यासाठी सदस्यत्व घेण्याइतकं त्यात काही नाही. आणि सुरुवात जुन्या साठ्यातल्या सोमवारांपासून करू नका, सोपी असली तरी. १९९०च्या दशकातल्या सोमवारी तेव्हाच्या टीव्ही मालिका आणि सिनेटर भरलेले असतात, ते आपल्याला आजच्या बुधवारापेक्षा जड जातात. या वर्षातले सोमवार आणि मंगळवार घ्या, महिनाभर तेवढेच करा, मग बुधवार. शनिवारचं मी अजूनही सकाळी निम्मं आणि रात्री निम्मं करते.