बुखाऱ्याची वॉकिंग टूर : सात महिन्यांनी लिहितेय

आल्यावर चौथ्याच दिवशी ही टूर घेतली होती. तेव्हाच रिव्ह्यू टाकला असता तर डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते, बरं झालं राहून गेलं. नवऱ्याला इथल्या एका सूतगिरणीत काँट्रॅक्ट मिळालं म्हणून ऑगस्टअखेर आम्ही इचलकरंजीहून उझबेकिस्तानातल्या बुखाऱ्यात आलो, आता मार्च चालू आहे, मधल्या काळात हीच टूर पाहुण्यांबरोबर अजून दोनदा झाली आणि नान आणायला तर मी एक दिवसाआड त्याच गल्ल्यांतून जाते. त्यामुळे तेव्हा ऐकलेलं काय टिकलं आणि काय उडालं ते आता नीट सांगता येईल.

सुरुवात लबी हौजपासून. लब म्हणजे काठ, हौज म्हणजे आपला हौद, गाइडने दोनदा समजावलं आणि मी मनात म्हटलं अगं कळलं. जुन्या गावात लोक घरी ताजिक बोलतात, म्हणजे फारसीच, त्यामुळे आपल्याला फुकटात बरंच समजतं. तोकी म्हणजे घुमटाखालचा बाजार, तोकी सर्राफोन हा सराफांचा, तोकी जरगरोन सोनारांचा, आणि तो जर म्हणजे आपल्या भरजरीतलाच. मगोकी अत्तोरी मशिदीच्या नावात अत्तार बसलाय, मगोक म्हणजे खड्डा, आणि खरंच ती रस्त्यापेक्षा कितीतरी खाली आहे, गाव शतकानुशतकं वर चढत गेलं आणि ती तिथेच राहिली. चोर मिनोर ऐकून मुलगा खूश झाला होता, पण इथे चार ला चोर म्हणतात, बाकी काही नाही.

टूरमधलं सगळ्यात टिकाऊ म्हणजे पाणी. गाइड हौदाच्या पायऱ्यांवर बसवून सांगते की पूर्वी शहरभर असे हौद होते, शाहरूद कालव्यातून त्यात पाणी यायचं आणि पखालवाले ते घरोघरी पोचवायचे. त्याच पाण्यात लोक पाय धुवायचे आणि तेच प्यायचे, त्यातून रिश्ता नावाचा रोग व्हायचा, कातडीखालून लांबच लांब जंत निघायचा. ग्रुपमधली बाकीची मंडळी ई करत होती, मी म्हटलं हा तर नारू! आमची आजी विहिरीच्या पाण्याचा नारू सांगायची तो हाच. सोव्हिएत काळात बहुतेक हौद आटवले, बुजवले, रोग गेला, पण हौदांच्या जिवावर जगणारे करकोचेही गेले. आता ते उरलेत कात्र्यांमध्ये, लोहार चोचीच्या आकाराच्या कात्र्या करतात, मी दोन घेतल्या, एक रोज वापरते, सात महिन्यांत धार गेलेली नाही.

हौदाशेजारच्या नादिर दिवानबेगी मदरशावर दोन मोठे पक्षी आणि माणसाच्या चेहऱ्याचा सूर्य काढलाय, मदरशावर अशी चित्रं सहसा नसतात, पण मुळात ती सराई म्हणून बांधली होती. ही गोष्ट तिन्ही वेळा ऐकली, तिन्ही वेळा आवडली.

आता तक्रार. तीन तासांच्या टूरमध्ये चांगला अर्धा तास गालिच्याच्या दुकानात जातो. चहा देतात, एकावर एक सिल्कचे गालिचे उलगडतात, आणि न घेता उठणं किती जड जातं ते आपल्याकडच्या साडीच्या दुकानात गादीवर बसलेल्यालाच कळेल. हा अर्धा तास कुठून काढतात, तर शेवटच्या ठिकाणातून. शिवाय कलान मिनाराखाली चंगेजखानाची टोपी पडली, तो उचलायला वाकला, म्हणून त्याने मिनार सोडला, ही दंतकथा इतिहास असल्यासारखी सांगतात. मिनार 1127 चा आहे, साधारण 46 मीटर उंच, 1220 मध्ये शहर जळलं तरी तो राहिला, एवढं पुरेसं नाही का? उलट 1920 मध्ये लाल सैन्याने शहरावर तोफा-विमानांनी मारा केला, त्यात अर्क किल्ल्याचा मोठा भाग गेला, त्याला मात्र एक वाक्य. समोरच्या मीर-ए-अरब मदरशात मुलं अजून शिकतात, त्यामुळे फाटकाच्या जाळीतूनच डोकवायचं, हे आधी सांगत नाहीत, लोक हिरमुसतात.

आणि ते शेवटचं ठिकाण म्हणजे सामानी मकबरा, म्हणजे सामानी राजघराण्याचं थडगं, पार्कात, लबी हौजपासून दोनेक किलोमीटर चालत. तिथे पोचेपर्यंत पाय गेलेले असतात, ऑगस्टमध्ये तर डोकंही, मग दहा मिनिटांत फोटो काढून बाय. दहाव्या शतकाच्या सुमाराचा आहे, नुसती भाजलेली वीट, रंग नाही की टाइल नाही. नवऱ्याला पहिल्यांदा घेऊन गेले तर तो भिंतीला नाक लावून म्हणाला, हे विणलंय! खरंच, कुठे चटईची वीण, कुठे बास्केट वीव्ह, चाळीस वर्षं मागावर काढलेल्या माझ्या सासऱ्यांना फोटो पाठवला तर त्यांनी पॅटर्न मोजून परत पाठवला. ऊन फिरतं तशी वीण बदलते, सकाळी एक, चार वाजता वेगळी. मी तिथे आतापर्यंत पंधराएक वेळा गेलेय आणि टूरने दिलेली दहा मिनिटं आठवली की अजून राग येतो.

तरी घ्या का? पहिल्या-दुसऱ्या दिवशी घ्या, हो. गाव गल्ल्यांचं आहे, एकदा कोणीतरी हात धरून फिरवलं की नंतर हरवायची भीती जाते. उन्हाळ्यात नका घेऊ. जानेवारीत दीर-जाऊ आले तेव्हा बर्फ होता, बोटं गोठली, पण गर्दी अजिबात नाही आणि बोलो हौज मशिदीचे वीसही लाकडी खांब निवांत बघता आले. बूट मऊ तळव्याचे, आणि शाकाहारी असाल तर पिशवीत खायला काहीतरी ठेवा, सामशात (इथला समोसा) बहुतेक मांसच असतं.

एप्रिलमध्ये आई-बाबा येतायत. गाइडला मेसेज केला की त्यांची टूर सामानी मकबऱ्यापासून उलटी सुरू करा आणि सकाळी सातला. ती म्हणाली सातला दुकानं उघडत नाहीत. म्हटलं, म्हणूनच सातला.